पाण्याचा हिशेब: एका जुन्या पद्मिनीच्या गळतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी धरमपेठेतल्या एका निवृत्त डॉक्टरांची. प्रीमियर पद्मिनी, १९८४ साली नवी घेतलेली आणि आजवर एकाच हातात राहिलेली. मालकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकी घडलं तसं लिहितो आहे. कागदावर पद्मिनी असली तरी नागपुरात तिला अजून सगळे फियाटच म्हणतात, आणि त्यात चूकही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११००च पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनचं धड) बिडाचा, हेड (त्यावर बसणारं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. एकाच पाण्यात हे वेगवेगळे धातू वर्षानुवर्षं भिजत राहतात. या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

डॉक्टरांची कळमेश्वरकडे संत्र्याची छोटी बाग आहे. दर रविवारी सकाळी गाडी काढायची, बागेत जायचं, उन्हं चढायच्या आत परत यायचं. जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. एरवी गाडी झाकलेली.

रेडिएटरमध्ये इतकी वर्षं पाणी पडलं ते बंगल्याच्या बोअरचं. घरात महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी येतं, पण गॅरेजजवळचा नळ बोअरचा, आणि गाडी धुणारा मुलगा त्याच नळाचं पाणी ओतायचा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात मे महिना संपता संपता कूलरची ताटी पाहा. वाळ्यावर पांढरा, कडक थर चढलेला असतो. तोच थर इंजिनच्या पोटातही चढत असतो, फक्त तिथे तो दिसत नाही.

माझ्याकडे येण्याआधी गाडीवर तीन गोष्टी होऊन गेल्या होत्या. तापमानाचा काटा वर जातो म्हणून एका गॅरेजवाल्याने होज पाइप बदलले आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकला. त्यानेच रेडिएटरला नवी टोपी दिली, तीही आजच्या गाड्यांची, ०.९ आकड्याची, म्हणजे सुमारे १३ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं माप). जुनी टोपी ७ पीएसआयची होती. आणि फेब्रुवारीत अमरावतीच्या लग्नाला जाताना कोंढाळीजवळ वाफ निघाली, तेव्हा रस्त्यावरच्या मिस्त्रीने रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाकली. हा उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अडलेल्या माणसाला तो घरी पोचवतो, हे मान्य करायलाच हवं. पण घरी पोचल्यावर ती हळद धुऊन काढायची असते. ते इथे राहून गेलं.

अडचण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर गाडी घेऊन आले. तक्रार थोडक्यात अशी: पाणी कमी होतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही.

डॉक्टरांनी सोबत एक वही आणली होती. पेशंटचे केसपेपर लिहिण्याची सवय असलेला माणूस. प्रत्येक रविवारची तारीख, किलोमीटरचा आकडा, आणि परत आल्यावर गाडी थंड झाल्यावर किती पाणी घातलं ते औषधाच्या मापाने मोजून लिहिलेलं. ६८० मिली, ७२० मिली, ७०० मिली. दर फेरीला पाऊण लिटरला थोडं कमी. सीताबर्डीच्या सिग्नलवर थांबावं लागलं की काटा चढायचा, गाडी पळाली की उतरायचा. तेल स्वच्छ होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का विचारलं तर म्हणाले, "सकाळी येतो थोडा. जुनी गाडी आहे, तेवढं चालायचंच."

हे वाक्य मी ऐकलं आणि पुढे गेलो. त्याच्याकडे नंतर परत यावं लागलं.

पहिली तपासणी

माझ्याकडचे मिस्त्री तीस वर्षं फियाटच करत आले आहेत. त्यांनी बोनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला. "भाऊ, हेड उघडून टाका. मले तर गॅसकेटच वाटून राहिलं."

गॅसकेट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सांधा बंद करणारी पातळ चकती. हा पहिला निर्णयाचा क्षण. मी हेड उघडलं नाही, आणि तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. चाळीस वर्षांच्या इंजिनचं हेड काढणं म्हणजे नुसते नट सोडणं नव्हे. स्टड गंजलेले असतात, त्यातला एक तुटला तर काम आठवड्याने वाढतं. शिवाय काहीही न तपासता हेड उघडलं तर गळती नेमकी कुठून होती याचा पुरावा बरेचदा उघडतानाच पुसला जातो. मग नवं गॅसकेट बसतं, गाडी जाते, आणि दोन महिन्यांनी परत येते.

थंड इंजिनला हवेचा दाब देऊन पाहायचं ठरलं. त्यासाठी तयार हातपंप मिळतो, पण माझ्याकडचा त्याच महिन्यात बिघडला होता. डॉक्टर म्हणाले, "दाबच मोजायचा ना? माझं बीपीचं यंत्र आणतो."

ते खरंच उत्तम चाललं. एक जुनी टोपी घेतली, तिचा झडपेचा भाग डाग देऊन बंद केला, मधोमध भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व बसवला आणि त्यातली पिन काढली. त्यावर बीपीच्या यंत्राची रबरी नळी. दंडाला गुंडाळायचा पट्टा बाजूला, फक्त बल्ब आणि डायल. डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत दाखवते, म्हणजे ५.८ पीएसआय. १ पीएसआय म्हणजे साधारण ५२ मिलिमीटर. ७ ची टोपी असलेल्या गाडीला २८० पर्यंतचा दाब तपासणीला पुरेसा आहे, आणि बल्बने त्याच्या फार वर जाताच येत नाही हाही फायदा. टायरच्या पंपाने हेच केलं असतं तर जुना रेडिएटर फुगवून ठेवला असता.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरला आणि २८० वर काटा नेला. दहा मिनिटांत तो २३० वर आला. टॉर्च घेऊन शोधलं तर वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकातून थेंब येत होता. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. जमिनीवर थेंब का दिसत नव्हता तेही कळलं. वॉटर बॉडीच्या समोरच पंखा. गाडी चालू असताना तो थेंब वाऱ्याने मागे उडतो आणि गरम इंजिनवर सुकून जातो. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला पांढऱ्या रेघा होत्याच.

इंजिन चालू ठेवून थेंब मोजले. साधारण दहा सेकंदांना एक.

वॉटर बॉडी काढली, सील आणि बेअरिंग नवं टाकलं, ७ ची जुनी टोपी परत बसवली. ०.९ च्या टोपीबद्दल इथेच लिहून ठेवतो. टोपीमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो हे खरं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९९ अंशांना उकळतं, ७ पीएसआयखाली ११० च्या आसपास. पण जास्त दाबाची टोपी लावली म्हणजे इंजिन थंड राहतं असं नाही. तो जास्तीचा दाब प्रत्येक जुन्या सांध्यावर, सीलवर आणि झाळणीवर बसतो.

मग पुन्हा दाब दिला. काटा २८० वर गेला आणि वीस मिनिटं तिथेच राहिला. मी समाधानाने गाडी धुतली आणि डॉक्टरांना फोन केला.

जिथे चुकलं

अकराव्या दिवशी गाडी कामठी रोडवर उभी राहिली. दुपारी साडेबाराचं ऊन, पुढे रेल्वे फाटक बंद, काटा लाल रेषेच्या वर. डॉक्टरांनी गाडी लगेच बंद केली. टोपीला हात न लावता तासभर झाडाखाली थांबले, हे त्यांचं मोठं शहाणपण. गरम टोपी उघडून चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

गाडी टोचन लावून आणली तेव्हा डॉक्टर रागावलेले नव्हते. त्यांनी वही उघडली आणि माझ्यासमोर एक साधं गणित मांडलं. "अरे, सलाईनचे २० थेंब म्हणजे १ मिली. तू सांगितलंस दहा सेकंदांना एक थेंब. म्हणजे तासाला ३६०. म्हणजे १८ मिली. माझी फेरी दीड तासाची. म्हणजे २७ मिली. आणि मी घालत होतो ७००."

मी त्या आकड्यांकडे बघत राहिलो. पळत्या गाडीत दाब आणि वेग जास्त असतो, गळती दहापट धरली तरी २७० होते. बाकीचं पाणी कुठे जात होतं? दोन्ही आकडे पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होते, एक वहीत आणि एक मी स्वतः मोजलेला. ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचं मला सुचलं नाही. एक गळती सापडली आणि मी शोधणं थांबवलं.

पण मग दुसऱ्या चाचणीत काटा स्थिर का राहिला? याचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. त्या दिवशीची वेळ आठवली. पहिली चाचणी सकाळी आठची, दुसरी अकरानंतरची. माझं शेड पत्र्याचं. एप्रिलमध्ये अकरा ते बारा या तासात आतली हवा झपाट्याने तापते, सोबत गाडीही. पाणी तापलं की फुगतं. ३५ अंशांच्या आसपास ६ लिटर पाणी एका अंशाने तापलं तर जवळपास २ मिली फुगतं. गळ्यापर्यंत भरलेल्या रेडिएटरमध्ये हवेला जागाच थोडी, तिथे २ मिली खूप झाले. गळतीने दाब उतरत होता आणि उन्हाने चढत होता, आणि डायलवर दोन्ही मिळून स्थिर काटा दिसत होता.

खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, कामठी रोडवरून आणलेल्या त्याच गाडीला पुन्हा दाब दिला. अर्ध्या तासात काटा २८० वरून २४५ वर आला. बाहेर कुठेही ओल नाही. म्हणजे पाणी आत जात होतं.

दुसरी तपासणी

आता "सकाळी येतो थोडा" हे वाक्य आठवलं. रात्रभर उभी राहिलेली गाडी डॉक्टरांसमोरच चालू केली. पहिली वीस-तीस सेकंदं एक सिलिंडर अडखळत होता, सायलेन्सरमधून पांढरा लोट निघाला, मग इंजिन सुरळीत झालं. रात्री पाण्यात शिल्लक राहिलेला दाब थोडं पाणी सिलिंडरमध्ये ढकलत होता. चौथ्या सिलिंडरचा प्लग काढला तर इतर तिघांपेक्षा स्वच्छ, जणू वाफेने धुतलेला.

इंजिन पूर्ण थंड करून पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे वॉटर बॉडी फिरणार नाही आणि पाणी ढवळणार नाही. रेडिएटर काठोकाठ भरला, टोपी उघडी ठेवली, इंजिन चालू केलं. चाळीस सेकंदांत गळ्यापाशी बारीक बुडबुडे आले, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्यांची रांग लागायची. पट्टा नसताना इंजिन मिनिटभरापेक्षा जास्त चालवायचं नाही. तेवढा वेळ पुरतो.

ब्रोमोथायमॉल ब्लूचं निळं पाणी डॉक्टरांनी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून आणून दिलं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली की जळलेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने ते पिवळं पडतं. आमचं आधी हिरवं, मग पिवळं झालं.

कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मात्र जवळजवळ ठीक होतं. तीन सिलिंडर १२० ते १२५ पीएसआय, चौथा ११०. एवढ्यावरून कोणी हेड काढणार नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वर आणून, दोन्ही वाल (झडपा) बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि रेडिएटरमध्ये पाहिलं. पहिला, दुसरा, तिसरा शांत. चौथ्याला बुडबुडे. आता हेड उघडायला कारण होतं आणि कुठे पाहायचं तेही माहीत होतं.

हेड उघडल्यावर

एकही स्टड तुटला नाही. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल टाकत होतो, त्याचा उपयोग झाला.

हेड उलटं करून टेबलावर ठेवलं. चौथ्या सिलिंडरच्या बाजूला पाण्याचं एक भोक आहे. ते मुळात गोल असतं. इथे त्याची सिलिंडरकडची कड खाल्लेली होती, वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखी, भुसभुशीत. नखाने खरवडलं तर चुन्यासारखी करडी-पांढरी पूड बोटावर आली. ही झीज सरकत सरकत गॅसकेटच्या धातूच्या कड्याखाली पोचली होती, आणि कड्यावर काळपट रेघ उमटली होती. ज्वलनाचा वायू तिथून पाण्यात आणि पाणी तिथून सिलिंडरमध्ये. नवं गॅसकेट आणून बसवलं असतं तर त्याच्या कड्याला टेकायला त्या जागी धातूच नव्हता.

कारण साधं आहे. बीड, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका क्षारयुक्त पाण्यात बुडवले की त्याची बॅटरीच होते, आणि त्या बॅटरीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं. कूलंटमधली गंजरोधक रसायनं ही झीज रोखतात. नागपुरात पाणी गोठत नाही, म्हणून "आपल्याला कूलंट कशाला" असं सर्रास म्हटलं जातं. गोठण्याचा प्रश्न इथे नाहीच, झिजण्याचा आहे.

सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेड तपासलं, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत. मधोमध ०.१५ मिलिमीटरची पात जात होती. एवढ्या लहान हेडमध्ये ०.०५ ची जाऊ लागली तरी मी फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवतो. यातली किती वाक आधीची आणि किती कामठी रोडच्या दुपारची, हे सांगता येणार नाही. पण ती दुपार माझ्या घाईमुळे आली, म्हणून फेसिंगचे पैसे मी घेतले नाहीत.

रेडिएटरच्या वरच्या टाकीत हळदीचा पिवळा, मेणासारखा लगदा बसला होता. तापमान मोजायच्या बंदुकीने आधीच पाहिलं होतं: रेडिएटरचा वरचा भाग तापलेला आणि खालच्या एका कोपऱ्यातल्या नळ्या गार. म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हतं. सिग्नलवर काटा चढायचा त्यात हळदीचाही वाटा होता.

कोणते पर्याय होते

नुसतं नवं गॅसकेट घालणं मी लगेच सोडून दिलं. नुसतं फेसिंग करूनही भागणार नव्हतं. झीज जवळपास २ मिलिमीटर खोल होती, आणि तेवढं हेड घासलं तर ज्वलनकक्ष लहान होऊन कम्प्रेशन वाढतं, इंजिन ठोकू लागतं. खड्ड्यात धातूची लुकण भरावी असं एकाने सुचवलं. बाहेरच्या भोकासाठी मी ती वापरलीही असती, पण सिलिंडरच्या आगीला लागून असलेल्या जागी नाही.

खरी तुलना दोनच गोष्टींची होती: भंगारातलं जुनं हेड, किंवा आहे त्याच हेडला आर्गन वेल्डिंग. भंगारवाल्याकडे दोन हेड मिळाले. एकाच्या दोन वालांमध्ये बारीक तडा होता. दुसरं दिसायला बरं, पण आधी किती वेळा घासलंय कळायला मार्ग नाही, आणि पाण्याची भोकं तशीच खाल्लेली, फक्त थोडी कमी. मिस्त्रींचा कल त्या दुसऱ्या हेडकडे होता. "वेल्डिंगचं काही खरं नाही भाऊ, गरम झालं का पुन्हा सुटते." त्यांचा अनुभव खोटा नव्हता. चाळीस वर्षं तेल-पाणी प्यायलेल्या अ‍ॅल्युमिनियमला नीट साफ न करता वेल्डिंग केलं तर आत बुडबुडे राहतात आणि ते सुटतंच.

मी वेल्डिंग निवडलं, कारण हिंगणा एमआयडीसीत हे काम रोज करणारा एक कारागीर माहीत होता. तो नसता तर भंगारातलं हेड घेतलं असतं. हा निर्णय तत्त्वाचा नव्हता, हाताशी कोण आहे याचा होता.

केलेलं काम

वाल, गाइड, सगळं उतरवलं. झिजलेला भाग चकचकीत कोरा धातू लागेपर्यंत कोरून काढला. अखेरीस खड्डा सुरुवातीच्या दुप्पट झाला, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पडला होता. कारागिराने हेड भट्टीत सावकाश गरम केलं, वेल्डिंगने खड्डा भरला, आणि राखेत गाडून रात्रभर निवू दिलं. हवेवर झटकन गार केलं तर वाकतं. वेल्डिंगने भरलेलं भोक गॅसकेट वर ठेवून, मूळ मापाचं, परत पाडून घेतलं. मग फेसिंग, ०.२ मिलिमीटर. खाली प्लेट आणि रबर लावून, गरम पाण्यात बुडवून, हवेचा दाब देऊन पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

ब्लॉकचा माथाही पट्टीने तपासला, तो सरळ होता. स्टडची भोकं साफ केली. भोकात तेल किंवा कचरा राहिला तर टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणारा पाना, खोटा आकडा दाखवतो. हेड मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळलं. गरम करून, पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा तपासलं, आणि टॅपेट (वाल उघडणाऱ्या भागांमधली फट) त्यानंतर लावले. आधी लावले असते तर आवळल्यावर फट बदलली असती.

रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळी फिरवून सफाई, करून घेतलं. थर्मोस्टॅट परत बसवण्यावरून मात्र डॉक्टरांशी बराच वाद झाला. "नागपूरच्या उन्हात ते कशाला हवं? आणखी एक अडथळा." मी म्हटलं, डिसेंबरात सकाळी पारा १० वर असतो, तेव्हा हे इंजिन तुमच्या बागेपर्यंत नीट तापतच नाही, पेट्रोल तेलात उतरतं. मग स्टोव्हवर पातेल्यात पाणी, त्यात थर्मोमीटर आणि दोऱ्याला टांगलेला नवा थर्मोस्टॅट. ८० ओलांडल्यावर तो उघडताना त्यांनी स्वतः पाहिला, तेव्हा पटलं.

कूलंट हिरवं, जुन्या पद्धतीचं, तांब्या-पितळेच्या रेडिएटरला आणि झाळणीला चालणारं. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी नाही, बॅटरीत घालतात ते. दर दोन वर्षांनी बदलायचं. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

निष्पत्ती

पहाटे साडेपाचची दाबचाचणी एक तासाची केली. काटा २८० वरून २७८. ब्रोमोथायमॉलचं पाणी निळंच राहिलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर, मी आणि मिस्त्री रामटेकला गेलो, मनसरवरून, साधारण ५० किलोमीटर. गडाची चढण मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये चढवली. परतताना कन्हानच्या पुढे ट्रकांच्या रांगेत वीस मिनिटं अडकलो, बाहेर ४४ अंश. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. मिस्त्री पूर्ण वेळ पुढे वाकून काट्याकडेच बघत होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "टिकते वाटते."

५०० किलोमीटरनंतर हेड थंड असताना पुन्हा आवळून दिलं. दोन नट किंचित हलले, बाकीचे नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मिस्त्रींचा पहिल्या दिवशीचा अंदाज बरोबर होता, हे मी त्यांना सांगितलं. पण तेव्हा हेड उघडलं असतं तर आम्ही चौथ्या सिलिंडरच्या भोकाकडे इतक्या बारकाईने पाहिलं असतं का, मला शंका आहे. तरीही त्यांच्या बोलण्याचा मी वापर करून घ्यायला हवा होता. तीस वर्षांच्या माणसाला गॅसकेट वाटतं, तर बुडबुड्यांची चाचणी पहिल्याच दिवशी करायची. तिला एक मिनिट लागतं आणि खर्च शून्य.

दाबचाचणी आता मी सूर्य उगवायच्या आत करतो, आणि सुरुवातीला व शेवटी ब्लॉकचं तापमान लिहून ठेवतो. दोन्हींत एका अंशाहून जास्त फरक असेल तर ती चाचणी धरत नाही. दहा मिनिटांची चाचणी बाहेरच्या गळतीला चालते, आतल्या गळतीला तास लागतो.

गाडी परत देताना एक फेरी स्वतः मारायला हवी होती, डॉक्टरांच्याच रस्त्याने, आणि गाडी थंड झाल्यावर त्यांच्याच मापाने पाणी मोजून. किती हरवत होतं आणि मी किती थांबवलं, हे दोन आकडे जुळेपर्यंत गाडी माझ्याकडेच राहायला हवी होती. आता प्रत्येक जुन्या गाडीच्या कामाच्या कागदावर मी हे दोन रकाने सुरुवातीलाच आखतो. मालकाकडे वही नसेल तर आधी दोन आठवडे वही लिहायला लावतो.

मालकालाही एक प्रश्न मी वेगळ्या पद्धतीने विचारतो. "पांढरा धूर येतो का" असं विचारलं की लोक सवयीचं उत्तर देतात. "सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय होतं, ते मला करून दाखवा" असं म्हटलं की गाडी स्वतःच सांगते.

डॉक्टरांची वही पावसाळ्यानंतर पुन्हा पाहिली. जूनपासूनच्या रविवारांपुढे "भर" या रकान्यात शून्यं आहेत, एका ठिकाणी २० मिली आणि त्यापुढे त्यांच्या अक्षरात "मोजण्यात चूक?" असं लिहिलेलं. मला ती चूक वाटत नाही. रेडिएटरच्या खालच्या तोटीला हिरवट-पांढरी बारीक रेघ दिसली आहे. तोटीचा वॉशर मागवला आहे, आणि तोवर त्यांनी त्या तोटीसाठी वहीत वेगळा रकाना आखला आहे.